रेडिंगचे साठ लाख डॉलर: वीजबिलातला पैसा शहराच्या तिजोरीत गेला तर तो टॅक्स म्हणायचा का?

उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या काठावर रेडिंग नावाचं शहर आहे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ८९,८६१. शहर मध्यम पण उन्हाळा कडक, पारा चाळीस अंशांच्या आसपास दिवसचे दिवस राहतो, त्यामुळे तिथे एसी ही चैन नाही आणि जुलै-ऑगस्टचं वीजबिल कमी पगाराच्या घराला चांगलंच जड जातं. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे सगळं कायद्याच्या आणि हिशेबाच्या भाषेत जाणार आहे आणि त्या भाषेत हे बिल भरणारं घर नजरेआड होतं. कोर्टातही थोडंफार तसंच झालं असं माझं मत आहे.

शहराची वीज कंपनी शहराच्याच मालकीची आहे, रेडिंग इलेक्ट्रिक युटिलिटी, १९२१ पासून. तिला पुढे आरईयू म्हणतो. उत्तर कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागात पीजी अँड ई ही खासगी कंपनी वीज देते, पण रेडिंगमध्ये वीज विकणारं शहर, दर ठरवणारं शहर आणि त्या पैशाचं बजेट पास करणारंही शहरच. म्हणजे सिटी कौन्सिलच्या एकाच टेबलावर दोन्ही कामं. एका हाताने ग्राहकाचा दर ठरवायचा आणि दुसऱ्या हाताने पोलीस, अग्निशमन, बागा यांच्यासाठी पैसा कुठून आणायचा ते बघायचं.

आणि अशा टेबलावर कधी ना कधी एक विचार येतोच की वीज कंपनीकडे पैसा खेळतोय, जनरल फंडात, म्हणजे शहराच्या सर्वसाधारण खर्चाच्या तिजोरीत, खडखडाट आहे, मग थोडा इकडून तिकडे नेला तर काय बिघडलं. अमेरिकेत शहराच्या मालकीच्या वीज, गॅस, पाणी कंपन्या असलेली बरीच शहरं हे करतात. रेडिंगचं प्रकरण निवडलं कारण ते राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१८ मध्ये निकाल लागला, आणि तो निकाल वाचला की या प्रश्नातले सगळे धागे एकाच ठिकाणी सापडतात, सुटलेले आणि न सुटलेले दोन्ही.

पैसा कसा जात होता

कॅलिफोर्नियात सरकारी मालमत्तेवर प्रॉपर्टी टॅक्स नाही, शहराच्या मालकीच्या वीज कंपनीलाही नाही. तेच वायर, सबस्टेशन, पॉवर प्लांट एखाद्या खासगी कंपनीचे असते तर तिला टॅक्स भरावा लागला असता. रेडिंगने १९८८ पासून असं सुरू केलं की आरईयूने त्या न भरलेल्या टॅक्सऐवजी एक रक्कम दरवर्षी शहराच्या जनरल फंडात टाकायची. तिकडे या प्रकाराला पेमेंट इन लू ऑफ टॅक्सेस म्हणतात, म्हणजे टॅक्सच्या बदल्यात दिलेली रक्कम, आणि बोलताना सगळे सरळ पायलट म्हणतात. २००५ मध्ये याचा फॉर्म्युला पक्का केला, आरईयूच्या मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्का. हा १ टक्का हवेतून आलेला नाही. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने (प्रॉपोझिशन म्हणजे राज्यातल्या मतदारांनी थेट मतदानाने केलेला कायदा) राज्यभर प्रॉपर्टी टॅक्सची मूळ मर्यादा १ टक्क्यावर बांधली, तोच आकडा इथे घेतला.

दाव्याच्या काळात ही रक्कम वर्षाला साधारण ६० लाख डॉलर होती. आरईयूचे ग्राहक चाळीस हजारांहून जास्त, म्हणजे ढोबळ सरासरी काढली तर एका ग्राहकामागे वर्षाला १५० डॉलरच्या आत. यात मोठी दुकानं, ऑफिसं सगळी आली, त्यामुळे साध्या घराच्या वाट्याला याहून बरंच कमी येत असणार. रक्कम प्रचंड नाही. पण महत्त्वाची गोष्ट ही की पायलटसाठी शहराचा स्वतंत्र कायदा नव्हता, मतदान झालं नव्हतं, ती दोन वर्षांच्या बजेटमधली एक ओळ होती आणि कौन्सिल दर वेळी बजेटबरोबर ती ओळही पास करत होतं.

नोव्हेंबर २०१० आणि डिसेंबर २०१०

कॅलिफोर्नियाचे मतदार टॅक्सच्या बाबतीत फार जुने जखमी आहेत आणि प्रत्येक जखमेला एक प्रॉपोझिशन आहे. १९७८ ला १३ नंबर. त्याने प्रॉपर्टी टॅक्स बांधला, मग शहरांनी फी वाढवून पैसे काढायला सुरुवात केली. म्हणून १९९६ ला २१८ नंबर आला, त्यात पाणी, सांडपाणी, कचरा अशा मालमत्तेशी जोडलेल्या फीवर सक्त बंधन आलं, सेवेला जेवढा खर्च तेवढीच फी आणि तो पैसा दुसरीकडे वापरायचा नाही. पण त्यात वीज आणि गॅसच्या फीला स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवलं होतं. ही पळवाट म्हणा किंवा सूट म्हणा, वीज कंपनी असलेली शहरं त्याच जागेत उभी होती.

मग २ नोव्हेंबर २०१० ला प्रॉपोझिशन २६ पास झालं. त्याने टॅक्सची व्याख्याच उलटी मांडली. आधी टॅक्स काय ते शोधावं लागायचं, आता म्हटलं की सरकारने लादलेली कुठलीही आकारणी हा टॅक्सच, सात अपवाद सोडून. त्यातला एक अपवाद असा की पैसे भरणाऱ्याला थेट सेवा किंवा वस्तू मिळते आणि आकारणी त्या सेवेच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त नाही, तर तो टॅक्स नाही. आणि हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, नागरिकावर नाही. टॅक्स ठरला की लोकांचं मतदान घ्यायलाच लागतं.

एका महिन्यानंतर, डिसेंबर २०१० मध्ये रेडिंगच्या कौन्सिलने वीजदर दोन टप्प्यांत वाढवायला मंजुरी दिली.

इथे ठिणगी पडली. सिटिझन्स फॉर फेअर आरईयू रेट्स नावाने ग्राहक एकत्र आले आणि २०११ मध्ये कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं अगदी सोपं आहे आणि मला ते आजही सोपं आणि दमदार वाटतं. आमच्या बिलातून आरईयू जे पैसे घेते त्यातले साठ लाख वीज बनवायला, आणायला, वाटायला लागत नाहीत, ते शहराच्या इतर कामांना जातात, म्हणजे तेवढा भाग विजेचा खर्च नाही, म्हणजे तो टॅक्स आहे, आणि त्यावर आम्हाला कुणी विचारलेलं नाही.

दोन कोर्टं, दोन उत्तरं

ट्रायल कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. मुख्य मुद्दा जुनेपणाचा, पायलट १९८८ पासून चालू आहे आणि प्रॉपोझिशन २६ मागच्या काळाला लागू होत नाही, म्हणून जुनी पद्धत चालू राहील.

जानेवारी २०१५ मध्ये सॅक्रामेंटोच्या अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने हे उलटवलं. त्यांचा युक्तिवाद मला पटण्यासारखा आहे. पायलट ही एकदा ठरलेली आणि मग आपोआप चालणारी गोष्ट नाही, कौन्सिल दर बजेटला ती नव्याने मंजूर करतं, मग ती जुनी कशी? दर दोन वर्षांनी तिचा नवा जन्म होतो. म्हणून २६ नंबर लागू, आणि शहराने दाखवून द्यावं की हे साठ लाख विजेच्या वाजवी खर्चात बसतात, नाहीतर मतदान घ्यावं.

या निकालाने इतर शहरांत चांगलीच धावपळ झाली असणार हे उघड आहे, कारण अशी बदली करणारं रेडिंग एकटं नव्हतं, लॉस एंजेलिस तर विजेच्या एकूण उत्पन्नाच्या ८ टक्के जनरल फंडात नेत होतं.

सुप्रीम कोर्टाने प्रश्नच बदलला

२७ ऑगस्ट २०१८. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने अपील कोर्टाचा निकाल उलटवला, शहर जिंकलं. निकालपत्र न्यायमूर्ती कॅरोल कॉरिगन यांनी लिहिलं.

कोर्टाने काय केलं ते नीट बघा, कारण सगळी गंमत इथे नाही तर सगळा पेच इथे आहे. कोर्ट म्हणालं, पायलट ही ग्राहकावर लादलेली आकारणीच नाही. ती शहराच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेली रकमेची बदली आहे, ग्राहकाच्या बिलावर ती कुठे दिसत नाही. ग्राहकावर लादलेली गोष्ट एकच, वीजदर. म्हणून विचारायचा प्रश्न असा की वीजदरातून येणारा एकूण पैसा वीज पुरवायच्या वाजवी खर्चापेक्षा जास्त आहे का.

आणि आकडे मांडल्यावर उत्तर आलं, नाही. आरईयूला फक्त ग्राहकांच्या बिलातूनच पैसे मिळत नव्हते, ती जास्तीची वीज इतर वीज कंपन्यांना घाऊक दराने विकायची, त्याचं उत्पन्न वेगळं, आणि ते पायलटपेक्षा जास्त होतं. पायलट बाजूला ठेवून बाकीचा सगळा खर्च धरला तरी ग्राहकांच्या दरातून तो पूर्ण भरून निघत नव्हता. मग दर खर्चापेक्षा जास्त कसा? दर टॅक्स नाही, दावा संपला. पायलट हा वाजवी खर्चात मोडतो की नाही, जुनेपणाचा बचाव चालतो की नाही, हे प्रश्न सोडवायची गरजच उरली नाही. पुढे कोर्टाने असंही म्हटलं की असं दुसरीकडून आलेलं उत्पन्न वापरून ग्राहकांचे दर कमी केलेच पाहिजेत अशी सक्ती प्रॉपोझिशन २६ करत नाही.

कायद्याच्या शब्दांना धरून बघितलं तर हा निकाल बरोबर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. प्रॉपोझिशन २६ ने राज्याच्या संविधानात लिहिलंय लादलेली आकारणी, आणि बजेटमधली बदली ही कुणावर लादलेली नाही. बदलीवर बोट ठेवण्यापेक्षा दरावर बोट ठेवणं ग्राहकाच्याही फायद्याचं आहे, कारण दर जास्त असेल तर तो पैसा बदली झाला काय आणि पडून राहिला काय, ग्राहक लुटलाच गेला. इथपर्यंत ठीक.

पण घाऊक विजेचा पैसा नेमका कोणाचा

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हे. कोर्टाने दोन ओढे वेगळे काढले, एक बिलाचा आणि एक घाऊक विक्रीचा, आणि म्हणालं पायलट दुसऱ्या ओढ्यातून गेला असं समजता येतं. बरं. पण दुसऱ्या ओढ्यात पाणी आलं कुठून?

रेडिंगकडे विकायला वीज होती कारण रेडिंगने अनेक वर्षं वीज मिळवायची साधनं जमवली होती. शहराचा स्वतःचा गॅसवर चालणारा पॉवर प्लांट आहे. शास्ता धरणासारख्या सेंट्रल व्हॅली प्रोजेक्टच्या धरणांची जलविद्युत फेडरल एजन्सीकडून मिळते. मोडेस्टो आणि सँटा क्लारा इथल्या सार्वजनिक वीज संस्थांबरोबर मिळून एमएसआर नावाची एजन्सी केली, तिच्यामार्फत न्यू मेक्सिकोतल्या सॅन वान कोळसा प्लांटमध्ये वाटा, वॉशिंग्टन राज्यातली पवनऊर्जा. लांबून वीज आणायच्या ट्रान्समिशन लाइनमध्ये वाटा. हे सगळं उभं राहिलं कर्जरोख्यांवर, आणि त्या कर्जाचे हप्ते कोण भरतं तर बिल भरणारा ग्राहक. प्लांट उभा करायची जोखीम त्याची, गॅस महाग झाला तर भुर्दंड त्याला, पण त्याच प्लांटची उरलेली वीज विकून आलेला पैसा मात्र त्याचा नाही, शहराचा. मालक कोण हा प्रश्न इथे येतो आणि कोर्टाने त्याला हात लावला नाही, लावायची गरज नव्हती म्हणून.

शहराची बाजूही तितकीच खरी आहे, ती नीट मांडायला हवी. आरईयू ग्राहकांची सहकारी संस्था नाही. ती शहराची आहे, म्हणजे सगळ्या रहिवाशांची. १९२१ ला ती आजच्या ग्राहकांनी काढली नाही आणि आज नवीन आलेला भाडेकरू मीटर लावताना कंपनीचा शेअर विकत घेत नाही. कंपनी बुडाली तर नाव शहराचं खराब होणार. मालकाने आपल्या धंद्यातून माफक परतावा घेतला तर त्यात गैर काय, खासगी कंपनीचे शेअरहोल्डर घेतातच की, आणि त्यांचा डिव्हिडंड शहरात राहतही नाही. पायलटचे साठ लाख निदान रेडिंगच्याच रस्त्यांवर पोलीस म्हणून फिरतात.

दोन्ही बाजू ऐकून माझं मत असं झालंय की शहराला मालक म्हणून काहीतरी घ्यायचा हक्क आहे, पण हा हक्क हिशेबाच्या आडून बजावायचा नाही, मालक म्हणजे रहिवासी असतील तर त्यांना एकदा विचारून बजावायचा. रेडिंगच्या निकालाने शहरांना न विचारता चालायची मुभा दिली, फक्त अट एवढीच की कुठूनतरी दुसरं उत्पन्न दाखवता आलं पाहिजे.

आणि हे दुसरं उत्पन्न कायमचं नसतं. घाऊक विजेचा भाव वर-खाली होतो, पाऊस-बर्फ जास्त झाला की जलविद्युत स्वस्त होते, गॅस पडला की भाव पडतो, विकायला जास्तीची वीज उरेलच असंही नाही. पायलट मात्र मालमत्तेच्या १ टक्क्याला बांधलेला, तो घाऊक बाजाराकडे बघत नाही. ज्या वर्षी घाऊक उत्पन्न पायलटच्या खाली जाईल त्या वर्षी फरक कोण भरणार? बिलच भरणार, दुसरं कोणी नाही. मग कोर्टाच्या स्वतःच्याच कसोटीवर त्या वर्षी उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणजे २०१८ चा निकाल हा त्या वेळच्या बजेटचा फोटो आहे, रेडिंगला कायमचं सर्टिफिकेट नाही, आणि दर बजेटला कौन्सिलने हा हिशेब पुन्हा उघडून लोकांसमोर ठेवायला हवा.

एक टक्क्यात एक गडबड आहे

पायलटचं समर्थन करताना नेहमी म्हणतात, कंपनी खासगी असती तर एवढा टॅक्स भरलाच असता, शहर फक्त तेवढंच घेतंय. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं.

पण कॅलिफोर्नियात प्रॉपर्टी टॅक्सचा १ टक्का शहराला पूर्ण मिळत नाही. तो शाळा, काउंटी (म्हणजे जिल्हा), स्पेशल डिस्ट्रिक्ट (एखाद्या कामापुरत्या स्थानिक संस्था) आणि शहर यांच्यात वाटला जातो, आणि शहराच्या हातात त्यातला छोटा भाग येतो, मोठा हिस्सा शाळांकडे आणि काउंटीकडे जातो. म्हणजे आरईयू खरंच खासगी असती तर रेडिंग शहराला त्या साठ लाखांतला एक तुकडाच मिळाला असता. पायलटमध्ये मात्र सगळे साठ लाख शहराला, शाळांना काहीच नाही. टॅक्सच्या बदल्यात दिलेली रक्कम असं नाव दिलं की बदला पूर्ण तरी असावा, इथे टॅक्सचा आकडा घेतला आणि टॅक्सची वाटणी सोडून दिली.

याला शहराकडे एक उत्तर आहे, की खासगी कंपनी रस्ते वापरायची फ्रँचायझी फी पण देते, ती आरईयूकडून येत नाही, तर दोन्ही मिळून धरा. धरू. पण मग तसं लिहा, इतका टॅक्सचा शहराच्या वाट्याचा भाग, इतकी फ्रँचायझी फी, इतका मालकाचा परतावा, बेरीज करा आणि दाखवा. एकाच १ टक्क्यात सगळं कोंबलं की कुणालाच तपासता येत नाही.

आणखी एक. मालमत्तेवर आधारित फॉर्म्युल्याचा गुण असा की लोकांनी वीज वाचवली म्हणून शहराचं उत्पन्न लगेच घटत नाही. जिथे उत्पन्नाच्या टक्क्याने पैसे काढतात तिथे जास्त वीज खपली की शहर खूश, दर वाढला की आणखी खूश, आणि वीज वाचवा म्हणणाऱ्या शहराचाच तोटा होतो. रेडिंगमध्ये ते नाही. पण उलट बाजूने, कंपनीने नवीन सबस्टेशन बांधलं की पायलट वाढतो, म्हणजे बांधकाम जितकं जास्त तितकी जनरल फंडाची सोय जास्त. यामुळे रेडिंगमध्ये कुणी मुद्दाम बांधकाम वाढवलं असं मी म्हणत नाही, पण दर ठरवणारे आणि पैसा वापरणारे एकच असताना फॉर्म्युल्याचा कल कुठे आहे हे बघायला लागतं.

त्याच महिन्यात शहर जळत होतं

हे प्रकरण फक्त ग्राहक विरुद्ध शहर असं वाचणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. २३ जुलै २०१८ ला रेडिंगच्या पश्चिमेला कार फायर नावाने ओळखला जाणारा वणवा लागला, २६ जुलैला तो नदी ओलांडून शहराच्या हद्दीत घुसला, आगीचं अक्षरशः वादळ उठलं, एक हजारापेक्षा जास्त घरं गेली, रेडिंग अग्निशमन विभागाचा एक इन्स्पेक्टर मरण पावला. सुप्रीम कोर्टाचा निकाल २७ ऑगस्टला आला आणि वणवा पूर्ण आटोक्यात आल्याचं जाहीर झालं ३० ऑगस्टला.

अग्निशमन दल जनरल फंडातून चालतं. प्रॉपर्टी टॅक्स १३ नंबरने बांधलेला, जुन्या मालकाच्या घराची करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही, सेल्स टॅक्स बाजारावर अवलंबून, अशा शहरातून साठ लाख एका झटक्यात काढून घेतले असते तर ते कुठून कापले गेले असते हे सांगायला ज्योतिषी नको. पगार हाच जनरल फंडाचा मोठा खर्च, आणि पगार म्हणजे पोलीस आणि फायर. म्हणून ज्यांना वाटतं की बदली पूर्ण बंद करा, एक डॉलरही जाऊ देऊ नका, त्यांच्याशी मी सहमत नाही. शिवाय बिलातून गेलेल्या पैशाची एक चांगली बाजू पण आहे, प्रॉपर्टी टॅक्स न भरणाऱ्या संस्था, म्हणजे चर्च, हॉस्पिटलं, सरकारी इमारती, यांनाही आग लागली तर फायरचीच गाडी जाते, आणि वीजबिल त्या भरतात, म्हणजे निदान तिथून त्यांचा हातभार लागतो.

पण मग ते कमी पगाराचं घर. टॅक्स मालमत्तेवर असतो तेव्हा मोठ्या बंगल्याला जास्त लागतो. वीजबिलाचं तसं नाही, जुन्या, फटी असलेल्या भाड्याच्या घरातला एसी नवीन बंगल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो, आणि बिल भाडेकरूच्या नावावर. आणि तेच घाऊक विजेचं उत्पन्न, जे पायलटकडे गेलं, ते गरीब घरांच्या बिलात सवलत द्यायलाही वापरता येतं. म्हणून हा प्रश्न नुसता जनरल फंड विरुद्ध ग्राहक नाही, तोच डॉलर फायरला द्यायचा की सवलतीला, आणि कौन्सिलने हे दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवून निवड करायला हवी, आधी पायलट वजा करून उरलं तर सवलत असं नाही.

पाण्याला वेगळा न्याय

रेडिंगच्या निकालावर विसंबून कुठलंही शहर कुठल्याही बिलातून पैसे काढू शकतं असं समजायची चूक करू नये. फ्रेस्नो शहराने अगदी हेच केलं होतं, मालमत्तेच्या १ टक्का, पण पाणी, सांडपाणी आणि कचरा या खात्यांवर. २००५ मध्ये अपील कोर्टाने ते बेकायदेशीर ठरवलं. फॉर्म्युला तोच, निकाल उलटा, कारण पाण्याला २१८ नंबर लागतो, पैसा दुसरीकडे वापरायचाच नाही, विजेला लागत नाही. शहराच्या इतर विभागांनी पाण्याच्या खात्यासाठी खरंच काही काम केलं असेल तर त्याचा हिशेब दाखवून तेवढे पैसे घ्या, ठोक आकडा लावू नका.

लाँग बीचने तर लोकांना विचारलंही होतं. जून २०१८ मध्ये मेझर एम नावाच्या प्रस्तावावर मतदान घेतलं, युटिलिटीच्या उत्पन्नातून १२ टक्क्यांपर्यंत जनरल फंडात न्यायचं, लोकांनी हो म्हटलं. तरी २०२३ मध्ये अपील कोर्टाने पाणी आणि सांडपाण्याच्या बाबतीत ते रद्द केलं, कारण बहुमताने पास झालं म्हणून २१८ ची खर्चाची मर्यादा उठत नाही. मला हे पटतं. पाण्याशिवाय कोणी राहू शकत नाही, दुसरा विक्रेता नाही, तिथे सेवेच्या खर्चापलीकडे एक पैसाही घ्यायचा नाही ही रेघ बहुमतानेही ओलांडू नये.

विजेच्या किंवा गॅसच्या बाबतीत मात्र मतदानाचा रस्ता मोकळा आहे आणि तो चालतो हे पालो अल्टोने दाखवलं. तिथे गॅसच्या खात्यातून होणाऱ्या बदलीला ट्रायल कोर्टाने टॅक्स ठरवलं, मग शहराने नोव्हेंबर २०२२ मध्ये मेझर एल मतदानाला ठेवलं, गॅसच्या एकूण उत्पन्नाच्या १८ टक्क्यांपर्यंत बदली, आणि ते पास झालं. आता १८ टक्के जास्त की कमी यावर वाद घाला, पण तिथल्या माणसाला निदान माहीत आहे की काय जातंय, किती जातंय आणि कमाल मर्यादा काय.

रेडिंगने जिंकल्यावरही हेच करावं असं मला वाटतं. कोर्टाने सक्ती केली नाही म्हणून काय झालं. पायलटचा फॉर्म्युला बजेटच्या ओळीतून काढून कायद्यात लिहावा, वर मर्यादा घालावी, ज्या वर्षी घाऊक उत्पन्न कमी पडेल त्या वर्षी पायलट तेवढाच खाली यावा अशी अट घालावी, आणि बिलावर एक ओळ छापावी की गेल्या वर्षी आरईयूने शहराला इतके डॉलर दिले. अट आणि ओळ, या दोन्हींना खर्च जवळपास नाही. शहरांना भीती वाटते ती मतदान हरायची, आणि ती भीती खरी आहे, पण जी रक्कम लोकांना सांगितल्यावर टिकणार नाही असं वाटतं ती न सांगता घेत राहणं मला मान्य नाही.

निकालानंतर रेडिंगचा पायलट टिकला. त्याच कसोटीवर २०२० मध्ये लॉस एंजेलिसही जिंकलं, तिथे ८ टक्के म्हणजे वर्षाला २० कोटी डॉलरच्या वर जातात, आणि एका करदात्याने हा टॅक्स आहे म्हणून दावा लावला होता. दर खर्चापेक्षा जास्त आहेत असं त्याचं म्हणणं नव्हतं, म्हणून तो दावा आकड्यांपर्यंत पोचायच्या आधीच संपला. रेडिंगमध्ये निदान घाऊक विजेचा हिशेब कोर्टासमोर उघडला गेला होता.